गुण लागून गेलेली चाचणी पुन्हा उघडा

सत्र परीक्षेला आठ दिवस उरले की वह्या बाहेर निघतात. पिवळ्या पेनाने रंगवलेली पानं मुलं पुन्हा वाचतात आणि दुसऱ्या वाचनातच सगळं ओळखीचं वाटू लागतं. सत्रभर सोडवलेल्या आठ-दहा ऑनलाइन चाचण्या मात्र मूडल या ऑनलाइन शिक्षणाच्या प्रणालीवर नाहीतर गूगल फॉर्ममध्ये तशाच पडून राहतात. गुण मिळाले, विषय संपला! खरं तर उजळणीसाठी त्यांच्याइतकं मोलाचं साहित्य मुलांजवळ दुसरं नसतं.

अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातले मानसशास्त्रज्ञ हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके यांनी २००६ साली एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांच्या एका गटाने दिलेला उतारा चार सत्रांत पुन्हा पुन्हा वाचला. दुसऱ्या गटाने तो एकाच सत्रात वाचला आणि उरलेली तीन सत्रं कोऱ्या कागदावर आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा वाचणारे पुढे होते : ८३ टक्के विरुद्ध ७१. आठवड्याने चित्र उलटलं. वाचणाऱ्यांना ४० टक्के आठवलं, लिहून काढणाऱ्यांना ६१.

दोन वर्षांनी याच दोघांनी स्वाहिली भाषेतले ४० शब्द अर्थासकट विद्यार्थ्यांना शिकवले. त्यातला एक ‘मशुआ’, म्हणजे होडी. ऐकताच आपल्याला कोकणातला मचवा आठवावा असा. शब्द एकदा बरोबर आला तरी ज्यांना तो पुन्हा पुन्हा विचारला गेला, त्यांना आठवड्यानंतर सुमारे ८० टक्के शब्द आले. बरोबर आलेला शब्द ज्यांना पुन्हा विचारलाच नाही, त्यांना जेमतेम एक तृतीयांश. आणि आपल्याला किती आठवेल, याचा सगळ्याच गटांचा अंदाज मात्र साधारण निम्म्याचा होता! कोणती पद्धत उपयोगी पडते आहे, हे शिकणाऱ्याला आतून कळत नाही. मला या प्रयोगातली ही गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते.

वाचताना उत्तर समोर असतं, त्यामुळे मेंदूला ते फक्त ओळखायचं असतं. प्रश्न सोडवताना ते आतून शोधून वर आणावं लागतं, आणि या शोधण्यानेच ती वाट पक्की होते. जुन्या घरांत पाढे ‘म्हणून दाखव’ असं सांगत, मग मध्येच ‘सात आठे किती?’ विचारत. तेही हेच होतं.

उजळणीसाठी चाचणी पुन्हा देताना शिक्षकांनी मूळ चाचणीत फेरफार करू नये. गुण सरासरीने किंवा शेवटच्या प्रयत्नावर धरले जात असतील, तर पुन्हा सोडवल्याने आधीचे गुण बदलतात. मूडलवर चाचणीची प्रत काढावी, तिचे गुण अंतिम निकालात धरू नयेत, कितीही वेळा सोडवायची मुभा द्यावी, प्रश्न आणि पर्याय दोन्हींचा क्रम बदलता ठेवावा. गणितं असतील तर आकडे बदलावेत. सोडवून झाल्यावर बरोबर उत्तर आणि त्यामागचं कारण दिसलंच पाहिजे. बहुपर्यायी प्रश्नात चुकीचा पर्याय निवडला आणि कुणी दुरुस्त केला नाही, तर तोच खरा म्हणून डोक्यात बसू शकतो.

विद्यार्थ्याने पर्याय हाताने झाकून आधी स्वतःचं उत्तर कागदावर लिहावं. नाहीतर ‘याचं उत्तर क’ एवढंच पाठ होतं. मग उरलेले तीन पर्याय का चुकले, तेही एकेका वाक्यात लिहावं. यात वेळ जातो, पण परीक्षेत प्रश्न फिरवून आला की हीच वाक्यं कामाला येतात. आणि सगळ्या चाचण्या एकाच रात्री उरकू नयेत; आज एक, तीच पुन्हा चार दिवसांनी, असं अंतर ठेवावं.

जुलैत दहापैकी नऊ मिळालेल्या चाचणीत ऑक्टोबरमध्ये सहा मिळाले तर घाबरू नका. हे गुण कुठेच नोंदले जाणार नाहीत. जे चार चुकले, ते ज्या धड्यांतले आहेत, ते धडे आज उघडा.