ऐंशी रकान्यांचे भुयार तळहातावर

रोग (Rogue) हा अक्षरांनीच रेखाटलेला, भुयारात मजला मजला उतरत जायचा गेम मायकल टॉय आणि ग्लेन विचमन यांनी १९८० च्या सुमारास लिहिला, पुढे केन अर्नॉल्ड त्यांना येऊन मिळाले. त्यांच्यापुढे होता ८० रकाने आणि २४ ओळींचा टर्मिनल, म्हणजे फक्त अक्षरे दाखवणारा पडदा, आणि त्या मापाचा ठसा गेमच्या हाडात उतरला. सगळ्यात वरची ओळ संदेशांची, सगळ्यात खालची तब्येत आणि सोन्याच्या हिशोबाची, उरलेल्या जागेत भुयार. मजला आखताना पडद्याचे ३ × ३ असे नऊ भाग पाडायचे आणि प्रत्येक भागात फार तर एक खोली ठेवायची. राक्षस म्हणजे मोठी इंग्रजी अक्षरे, म्हणून त्यांचे प्रकार २६. येंडरचा ताईत, म्हणजे जो मिळवायला खाली उतरायचे तो, तोही २६ व्या मजल्यावर. १९८७ मध्ये आलेल्या नेटहॅक या त्याच घराण्यातल्या गेमचा नकाशा ८० × २१ चौकटींचा आहे, तोही त्याच टर्मिनलचा वारस. असे गेम खिशातल्या यंत्रांच्या लहान पडद्यांवर कसे बसवले गेले, त्याचा हा हिशोब.

रॉबर्ट कोनेके यांनी ओक्लाहोमा विद्यापीठात १९८३ मध्ये लिहिलेला मोरिया हा भुयारी गेम मात्र वेगळ्या वाटेने गेला. त्याचा मजला १९८ × ६६ चौकटींचा, म्हणजे एका पडद्यावर न मावणारा, त्यामुळे खेळणाऱ्याला नकाशा तुकड्यातुकड्याने पाहण्याची सवय आधीपासूनच होती. खिशातल्या यंत्रांवर ही सवय फार उपयोगी पडली.

एचपी २००एलएक्स (१९९४) या तळहाताएवढ्या यंत्रावर अडचण कमी होती. त्यात डॉस होते, पूर्ण कीबोर्ड होता आणि ६४० × २०० पिक्सेलचा पडदा होता. ८ पिक्सेल रुंदीची अक्षरे धरली तर बरोबर ८० रकाने बसतात, आणि डॉससाठी लिहिलेले अक्षरी गेम फारसा बदल न करता चालतात. कसोटी लागली ती १९९६ च्या पाम पायलट या लेखणीने चालणाऱ्या खिशातल्या यंत्रापासून. पडदा १६० × १६०. ८० रकाने बसवायचे तर अक्षराला २ पिक्सेल येतात, आणि फटीसकट ४ पिक्सेलच्या खाली अक्षर ओळखू येत नाही. मग नकाशावर छोटी खिडकी ठेवून ती नायकामागे सरकवणे एवढाच मार्ग उरतो. त्याची किंमत मोठी आहे: रोगमध्ये उजेड असलेल्या खोलीत शिरताच सगळी खोली दिसते आणि पळायचे की लढायचे ते ठरते. खिडकी लहान असेल तर दुरून हल्ला करणारा शत्रू चौकटीबाहेरच राहतो. खिडकी सरकवायची ती नायक कडेला पोचल्यावर नव्हे, त्याच्या बऱ्याच आधी, नाहीतर समोरचे काहीच दिसत नाही.

मेमरीचे दुखणे त्याहून अवघड. पहिल्या पायलटमध्ये चालू कामासाठी जेमतेम ३२ किलोबाइट मिळत. मोरियाच्या मजल्यात १३,०६८ चौकटी, प्रत्येकीला ४ बाइट धरले तरी ५२ हजारांवर बाइट लागतात. नकाशा साठवणीच्या भागात ठेवावा तर तिथे थेट लिहिता येत नाही, प्रत्येक बदल सिस्टीमच्या फंक्शनमार्फतच करावा लागतो. शिवाय कोडचा कोणताही एक तुकडा ६४ किलोबाइटच्या आत ठेवायचा, म्हणजे मोठा गेम फोडून अनेक तुकड्यांत मांडायचा. रोग आणि लार्न हे लहान भुयारी गेम पामवर आले, त्यामागे हे गणित आहे.

आणि कीबोर्डवरून द्यायचे हुकूम? नेटहॅकमध्ये लहान डब्ल्यू म्हणजे शस्त्र हातात घेणे, मोठा डब्ल्यू म्हणजे चिलखत अंगावर चढवणे. पामच्या ग्राफिटी या, लेखणीने पडद्यावर लिहायच्या लिपीत मोठ्या अक्षरासाठी आधी खालून वर रेघ ओढावी लागे. ती रेघ नीट उमटली नाही की भलताच हुकूम जाई. पुढे मायक्रोसॉफ्टच्या विंडोज सीईवर चालणाऱ्या पॉकेट पीसी या खिशातल्या यंत्रांवर पडदा २४० × ३२० झाला. डिसेंबर २००३ च्या नेटहॅक ३.४.३ मध्ये विंडोज सीईसाठीचा कोड मूळ संचातच होता. पण रकान्यामागे ३ पिक्सेल म्हणजे अजूनही खिडकीच.

जपानी घराण्याने हा तिढा मुळातच टाळला. गेम बॉयच्या १६० × १४४ पडद्यावर १६ पिक्सेलच्या टाइल १० × ९ एवढ्याच बसतात, बटणे चार आणि एक दिशापट्टी. कोनामीच्या केव्ह न्वार (१९९१) मध्ये एक लांबलचक मोहीम नाही, छोट्या उद्दिष्टांच्या फेऱ्या आहेत: इतके सोने गोळा करा, इतके राक्षस मारा, मग बाहेर पडा. १९९६ मध्ये चुनसॉफ्टचा शिरेन हा भुयारी गेमही गेम बॉयवर आला. दिशापट्टीची खरी खोड म्हणजे तिरकी चाल. दोन बाजू एकदम दाबाव्या लागतात, त्यातली एक क्षणभर आधी लागते आणि नायक सरळ जाऊन शत्रूपुढे उभा राहतो. उपाय सोपा आहे: एक बटण दाबून धरले की फक्त तिरक्याच चाली मान्य करायच्या. २००३ मध्ये जेफ लेट यांचा पावडर गेम बॉय अॅडव्हान्ससाठी मुळापासून लिहिला गेला. पोर्टपेक्षा, म्हणजे जुना गेम नव्या यंत्रावर बसवण्यापेक्षा, हा रस्ता मला जास्त पटतो, कारण इथे हुकूमच बटणांच्या मापाने ठरतात.

बोटाने चालणाऱ्या पडद्यावर हिशोब पुन्हा बदलला. अॅपलच्या सूचनेप्रमाणे बोटाला ४४ पॉइंटची जागा हवी. पहिल्या आयफोनच्या ३२० पॉइंट रुंदीत अशा ७ चौकटी बसतात. म्हणून दूरच्या चौकटीला स्पर्श केला की तिथवर आपोआप चालत जायचे आणि शत्रू दिसताच थांबायचे, ही पद्धत रुजली. थांबण्याची ही अट विसरलेला पोर्ट खेळण्याच्या लायकीचा राहत नाही.

सेव्ह करण्याचा प्रश्न सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो. जुना कोड कीची वाट पाहत जागीच अडून राहतो, फोनला मात्र प्रत्येक घटनेला लगेच उत्तर हवे असते. म्हणून गेम वेगळ्या थ्रेडमध्ये, म्हणजे समांतर चालणाऱ्या धाग्यात, चालवतात. आयओएस ४ (२०१०) पूर्वी होमचे बटण दाबले की अॅप बंद होई आणि सेव्ह करायला काही सेकंदच मिळत. त्या क्षणी गेम ‘काय प्यायचे?’ असे विचारत थांबलेला असेल, तर आधी तो प्रश्न रद्द करायचा, मगच सेव्ह. नेटहॅकमध्ये इन्शुरन्स पर्याय चालू ठेवून कोड बांधला, तर मजला बदलताना नोंद होते आणि रिकव्हर ही सोबतची सुविधा निदान शेवटच्या जिन्यापर्यंत परत आणते.

ओलेग डोल्या यांनी २०१२ मध्ये अँड्रॉइडवर आणलेल्या पिक्सेल डंजनमध्ये मजलाच ३२ × ३२ केला. उभ्या धरलेल्या फोनवर, एका अंगठ्याने खेळता येईल असा. २०१४ मध्ये त्याचा कोड खुला झाला आणि त्याच वर्षी त्यातून शॅटर्ड पिक्सेल डंजन निघाला, ज्यात आजही भर पडते आहे. मूळ पिक्सेल डंजनमध्येही येंडरचा ताईत आहे, २६ व्या मजल्यावर.