फोन फॉरमॅटला देण्याआधी ‘टू स्टेप’ बघून घ्या

“फोटो आले, नंबर आले, पण हे कोडचं अ‍ॅप रिकामं दिसतंय.” फॉरमॅट झालेला फोन घेऊन ग्राहक दुसऱ्या दिवशी आमच्या मोबाइलच्या दुकानात परत येतात, ते बहुतेक हेच सांगायला. त्या वेळी आमच्या हातात फारसं काही उरलेलं नसतं, म्हणून हा कागद.

टू स्टेप, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक कोड मागणारं दुहेरी कुलूप, लावलंत ते उत्तमच केलंत. पासवर्ड कुणाच्या हाती लागला तरी कोडाशिवाय खातं उघडत नाही. फक्त कोड राहतो कुठे, हे ठाऊक हवं. एसएमएसचा ओटीपी नंबरवर येतो. सिम नव्या फोनमध्ये घातलं की तो तिथे येणार. ऑथेंटिकेटरचं, म्हणजे कोड दाखवणाऱ्या अ‍ॅपचं, तसं नाही. दर ३० सेकंदांनी बदलणारा तो सहा आकडी कोड बाहेरून येतच नाही, फोनमध्येच तयार होतो. सुरुवातीला क्यूआर स्कॅन केलात तेव्हा एक गुप्त किल्ली फोनमध्ये साठवली गेली. ती किल्ली आणि घड्याळातली वेळ यांवरून आकडा निघतो. नेट बंद असलं तरी कोड दिसतो तो यामुळेच. आणि फॉरमॅट मारला की ती किल्लीही पुसली जाते.

“पण माझं सगळं गुगलवर आहे.” असेलही. गुगल ऑथेंटिकेटरमध्ये २०२३ पासून कोड गुगल खात्यात साठवायची सोय आहे, पण ती चालू आहे का ते आधी बघा. वर ढगाचं चिन्ह असतं. त्यावर आडवी रेघ असेल तर कोड फक्त त्याच फोनमध्ये आहेत. शिवाय गुगल खात्याचाच कोड त्या अ‍ॅपमध्ये असेल, तर किल्ली आत ठेवून कपाट बंद केल्यासारखं होतं.

घरून साड्या विकणाऱ्या एका ताईंनी बॅकअप कोड (ऑथेंटिकेटर हाताशी नसेल तेव्हा वापरायचे राखीव कोड) काढून ठेवले होते, पण स्क्रीनशॉट त्याच फोनच्या गॅलरीत! फोन पाण्यात पडला, बोर्ड (फोनच्या आतलं मुख्य सर्किट) गेला, स्क्रीनशॉटही गेला. ऐन दिवाळीत त्यांचं विक्रीचं खातं बंद राहिलं. आम्हालाही फार वाईट वाटलं. गुगल एका वेळी आठ आकडी दहा कोड देतं, प्रत्येक एकदाच चालतो. ते कागदावर उतरवा आणि पासबुकाच्या पिशवीत ठेवा. नवीन दहा काढले की जुने बाद होतात, तेव्हा जुना कागद फाडून टाका.

व्हॉट्सअ‍ॅपचा सहा आकडी पिनही लक्षात ठेवा आणि तिथे ईमेल जोडून ठेवा. पिन विसरलात आणि ईमेल नसेल, तर सात दिवस थांबावं लागतं. यात आम्हीही काही करू शकत नाही.

“दहा मिनिटांचं काम, तुम्ही अर्धा तास का बसवता?” असं काही जण चिडून विचारतात. फॉरमॅट दहा मिनिटांतच होतो. बाकीचा वेळ ऑथेंटिकेटर उघडून बघण्यात आणि बॅकअप कोड तुमच्याच हातानं लिहून घेण्यात जातो. पासवर्ड तुम्हीच टाकायचा. आम्ही तो विचारत नाही आणि कोडांची प्रतही ठेवत नाही. डिस्प्ले गेलेला असेल आणि बोर्ड चालू असेल, तर आधी कॉम्बो (डिस्प्ले आणि टच एकत्र असलेला भाग) बदलून कोड हलवा, असंच आम्ही सांगतो. कॉम्बो खपवायला सांगतो असं कुणाला वाटतं, पण खातं गेल्यावर होणारा मनस्ताप आम्ही रोज समोर बघतो.

जुना फोन एक्स्चेंजला द्यायचा असेल तर नवा हातात आल्यावर दोन्ही घेऊन या. जुन्यातून ‘ट्रान्सफर अकाउंट्स’चा क्यूआर काढून नव्यात स्कॅन करतो, एकेका खात्यात शिरून कोड चालतो का ते तुमच्यासमोर बघतो आणि मगच जुना पुसतो. फोन आमच्याकडून घेतला असेल तर याचे पैसे नाहीत. बाहेरून घेतला असेल तर १५० रुपये. येताना दोन्ही फोन चार्ज करून आणा आणि संध्याकाळची गर्दी टाळून सकाळी या.