निघोजचे रांजणखळगे लाव्हाच्या बुडबुड्यांनी नाही झालेत

अहिल्यानगर आणि पुणे जिल्ह्यांच्या सीमेवर, निघोज आणि टाकळी हाजी या गावांच्या मधे कुकडी नदीच्या पात्रात जे रांजणखळगे, म्हणजे खडकातले रांजणासारखे खोल खड्डे आहेत ना, त्यांच्याबद्दल वर्षानुवर्षं एक गोष्ट फिरतेय की लाव्हा थंड होताना त्यात मोठे बुडबुडे फुटले आणि हे खड्डे पडले. तसं नाहीये हो.

खडक लाव्हाचाच आहे, बेसॉल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, पण खळगे त्याच्या खूप नंतरचे, नदीने कोरलेले. पुराच्या पाण्यात भोवरे होतात, खडकातल्या भेगेत नाहीतर खोलगट जागेत दगडगोटे अडकतात आणि जात्यासारखे तिथल्या तिथे गरागरा फिरत राहतात, खडक झिजतो, गोटे पण झिजतात, मग नवे येऊन पडतात, असं हजारो वर्षं. म्हणून तर आतल्या भिंती इतक्या गुळगुळीत आहेत, आणि शेजारचे खळगे झिजून एकमेकांत मिसळलेत.

बेसॉल्टमधे वायूची छिद्रं असतात हे खरंय, पण ती बहुतेक वाटाण्या-सुपारीएवढी, त्यात पांढरी खनिजं भरलेली. पुरुषभर खोल रांजण त्यातून होत नाही. आणि बुडबुड्यांचेच असते तर शेजारच्या माळावर पण दिसले असते, हे नेमके पात्रातच का?