हिंडेमिथचा एकट्या व्हायोलासाठीचा सोनाटा : पार्श्वभूमी

एकट्या व्हायोलिनसाठी आणि एकट्या चेलोसाठी जर्मन संगीतकार बाखने भरभरून लिहून ठेवलं. व्हायोलाच्या वाट्याला मात्र तसं काही आलं नाही. व्हायोलिनच्या खाली पंचमाच्या अंतराने जुळवलेलं हे वाद्य, त्यामुळे ऑर्केस्ट्रात आणि चौकडीत (चार तंतुवाद्यांच्या गटात) त्याने मधली जागा भरायची, असंच ठरून गेलं होतं. जर्मन संगीतकार माक्स रेगरने १९१५ मध्ये एकट्या व्हायोलासाठी तीन सुइट (अनेक छोट्या भागांच्या रचना) लिहिले, तोवर व्हायोलावादकाला बहुतेक इतर वाद्यांच्या रचनांच्या उसनवारीवरच भागवावं लागे.

जर्मन संगीतकार पॉल हिंडेमिथ मुळात व्हायोलिनवादक. विशीतच तो फ्रँकफर्टच्या ऑपेरात ऑर्केस्ट्राचा प्रमुख व्हायोलिनवादक झाला. पहिल्या महायुद्धात वडील गेले, पुढे त्यालाही सैन्यात जावं लागलं. परतल्यावर, १९१९ मध्ये, त्याने चौकडीतलं दुसरं व्हायोलिन सोडून व्हायोला हाती घेतला. त्याच वर्षी त्याने एकट्या व्हायोलासाठी पहिला सोनाटा (वाद्यासाठीची अनेक भागांची रचना) लिहिला. पण आज ज्याचं नाव सगळ्यात आधी निघतं तो त्याच्या पुढचा, १९२२ चा, ओपस (रचना-क्रमांक) २५ क्रमांक १.

या सोनाट्याचा जन्म धावपळीतला. हिंडेमिथनेच सांगून ठेवलंय की पहिला आणि पाचवा भाग त्याने फ्रँकफर्टहून कोलोनला जाताना रेल्वेच्या उपाहारडब्यात लिहिले, आणि उतरून थेट मंचावर जाऊन सोनाटा वाजवला. ती मार्च १९२२ मधली मैफल. हे जमलं, कारण लिहिणारा आणि वाजवणारा एकच होता. कुठली तार कुठे कशी बोलेल हे त्याच्या बोटांना ठाऊक होतं. रचना अर्पण केली ती चेक व्हायोलावादक लादिस्लाव चेर्नी याला.

पाच भागांतल्या चौथ्याचीच चर्चा जास्त होते. त्यावरची सूचना अशी : बेफाम लय, रानटीपणे, स्वराचं सौंदर्य दुय्यम. लयीचा आकडा मिनिटाला ६०० ते ६४० मात्रा, म्हणजे सेकंदाला दहा किंवा त्याहून जास्त! सर्वांत खालची, ‘सी’ची मोकळी तार गजाखाली सतत ठणकत राहते आणि मात्रांचे गट दर थोड्या वेळाने बदलतात. ही सूचना वाचून अनेकजण हिंडेमिथला नुसता बंडखोर ठरवून मोकळे होतात. मला ते पटत नाही. लगेच पुढच्या, शेवटच्या भागावर त्याने लिहिलंय : संथ, पुष्कळ भावपूर्ण. तिसरा भागही अतिविलंबित. चौथ्यातला कोरडा आघात कानात असतानाच पाचव्याचे लांबलेले, जड सूर येतात. या सोनाट्याचा खरा कस मला तिथेच लागतो असं वाटतं.

पुढे १९२३ आणि १९३७ मध्ये त्याने याच वाद्यासाठी आणखी दोन एकल सोनाटे लिहिले. मधल्या काळात, १९२९ मध्ये, इंग्रज संगीतकार विल्यम वॉल्टनच्या व्हायोला कन्चेर्टोचं (व्हायोला आणि ऑर्केस्ट्रासाठीच्या रचनेचं) पहिलं वादन करायला इंग्रज व्हायोलावादक लायनल टर्टिसने नकार दिला, तेव्हा लंडनच्या मंचावर व्हायोला घेऊन उभा राहिला तोही हिंडेमिथच.