कापसावरील मावा व तुडतुडे

कापसाच्या पानांमागे राहून रस शोषणाऱ्या या दोन्ही किडी हेमिप्टेरा गणातील असून कृषी सल्ल्यांत त्यांची नावे बहुधा जोडीनेच येतात. मात्र पिकाला अपाय करण्याची त्यांची तऱ्हा मुळातच निराळी आहे. माव्याचे शास्त्रीय नाव ॲफिस गॉसिपी, तर तुडतुड्याचे अम्रास्का बिगुटुला बिगुटुला असे आहे.

मावा 1 ते 2 मिमी लांब, मऊ, पिवळट ते काळपट हिरवा असून पोटाच्या मागील टोकाशी दोन बारीक नळ्या असतात. उष्ण प्रदेशात मादी नराशिवायच जिवंत पिल्ले देते आणि ती साधारण आठवडाभरात वाढून स्वतः पिल्ले देऊ लागतात. पानावर दाटी झाली की पंख असलेल्या माद्या निपजतात व इतर झाडांवर जातात. वनस्पतीच्या अन्नरसात साखर भरपूर, पण नायट्रोजनयुक्त घटक तुटपुंजे असल्याने माव्याला गरजेपेक्षा कितीतरी अधिक रस ओढावा लागतो आणि उरलेली साखर तो बाहेर टाकतो. शेतकरी ज्याला चिकटा म्हणतात तो हाच. त्यावर काळी बुरशी वाढून पानांचे प्रकाशसंश्लेषण मंदावते आणि तो फुटलेल्या बोंडांवर पडला, तर रुई चिकट होऊन सूतगिरणीतही त्रास देते.

तुडतुडा पाचरीच्या आकाराचा, फिकट हिरवा, सुमारे 3 मिमी लांब असतो. पुढील प्रत्येक पंखाच्या टोकाजवळ एक काळा ठिपका असतो आणि पान उलटताच तो तिरपा पळतो. मादी पानांच्या शिरांत अंडी घालते. शोषलेल्या रसापेक्षा पानात सोडलेली विषारी लाळ अधिक घातक ठरते: कडा पिवळ्या पडतात, मग तांबूस होऊन खाली वळतात व करपतात. म्हणूनच आर्थिक नुकसानीची पातळी, म्हणजे ज्या संख्येला कीड पोहोचली की उपाय करणे भाग पडते ती मर्यादा, माव्यासाठी प्रति पान 10, तर तुडतुड्यांसाठी अवघी 2 ते 3 मानतात. पानांवर दाट लव असलेल्या वाणांवर तुडतुडे कमी आढळतात. हा तांबूसपणा ‘लाल्या’ या किडीविना पाने लाल होणाऱ्या विकृतीसारखा दिसत असल्याने पानामागची पिल्ले पाहिल्याखेरीज निदान करणे धोक्याचे आहे.

भारतात 2002 मध्ये परवानगी मिळालेल्या बीटी कापसातील (जिवाणूचे जनुक घातलेल्या वाणांतील) प्रथिने बोंडअळ्यांवर परिणाम करतात, रसशोषक किडींवर नाही. ढालकिडे व क्रायसोपा या जाळीदार पंखांच्या कीटकाच्या अळ्या माव्याचा फडशा पाडतात. त्यामुळे हंगामाच्या आरंभी सरसकट फवारणी केल्यास हे मित्रकीटक मरून मावा उलट वाढू शकतो.