ऊन लागलंय की हार्ट अटॅक?

एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे गेला आणि भरदुपारी कोणी घामाघूम होऊन खाली बसलं, की आजूबाजूच्यांचं निदान ठरलेलं असतं: "त्याले ऊन लागनं." लगेच कोणी पन्हं आणतं, कोणी कांदा फोडून तळपायाला चोळतं. बहुतेकदा ऊनच लागलेलं असतं. पण पन्नाशी ओलांडलेला, बीपी-शुगरच्या गोळ्या घेणारा किंवा तंबाखू खाणारा माणूस असेल, तर हे निदान जिवावर बेतू शकतं. घाम, मळमळ, चक्कर, अंगातलं बळ जाणं हे सगळं हार्ट अटॅकमध्येही होतं.

आत मात्र दोन वेगळ्या गोष्टी घडत असतात. उन्हात शरीर स्वतःला थंड ठेवायला धडपडतं: कातडीखालच्या रक्तवाहिन्या फुलतात, हृदय जोरात धावतं, घामावाटे पाणी आणि मीठ जातं आणि बीपी उतरतं. हार्ट अटॅकमध्ये हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणारी वाहिनी गुठळीने बंद होते आणि मिनिटागणिक तो स्नायू मरू लागतो. सावली नि पाणी पहिल्याला सावरतं. दुसऱ्याची गुठळी त्याने हलत नाही.

रावेर-यावलकडे केळीचे घड वाहणारा माणूस गाडीपाशी मटकन बसला असं समजा. आधी त्याच्या मानेला, पोटाला हात लावा. अंग चटका बसेल इतकं तापलंय, बोलणं बरळल्यासारखं आहे, माणसं ओळखू येत नाहीत, तर तो उष्माघात. अशा वेळी शरीराचं तापमान ४० अंशांच्या वर गेलेलं असतं. कातडी कोरडीच हवी असं नाही. कष्टाचं काम करता करता पडलेल्या माणसाला घामही असतो.

खरा घोळ होतो तो त्याच्या आधीच्या पायरीवर. उन्हाने नुसता थकवा आलेल्या माणसाचं अंगही गार, चिकट घामाने भिजलेलं असतं, आणि हार्ट अटॅकचंही तसंच. इथे हात लावून कळत नाही, विचारावं लागतं. छातीवर कोणी बसल्यासारखं दडपण आहे का? कळ डाव्या हातात, जबड्यात, पाठीत जाते का? दम लागतोय का? एकाही प्रश्नाचं उत्तर 'हो' आलं तर थांबायचं नाही. छाती मोकळी असेल तर सावलीत आडवं करा, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने पुसा, घोट घोट पाणी द्या. अर्ध्या तासात उतार पडला नाही तर दवाखाना गाठा. मधुमेह असलेल्यांना, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना कधी कधी छातीत दुखतच नाही. नुसता दम, घाम आणि पोटात कसंतरी होतं. "गॅस झाला असेल" म्हणून सोडून दिलेल्या बाईची मला फार काळजी वाटते.

दोन्हींत १०८ ला फोन करायचा, पण तोवरचे उपचार वेगळे. उष्माघातात जागेवरच अंगावर पाणी ओता, वारा घाला, काखेत-जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध नसेल तर तोंडात काही घालू नका. हार्ट अटॅकची शंका असेल तर रुग्णाला चालवू नका, मोटारसायकलवर बसवू नका. टेकून बसवा आणि ईसीजी निघेल अशा दवाखान्यात न्या. हार्ट अटॅकमध्ये डॉक्टर ॲस्पिरिन चावायला सांगतात. उष्माघातात तीच गोळी रक्तस्रावाचा धोका वाढवते.

आणि हे दोन्ही एकत्रही येतात. पाणी घटलं की रक्त दाट होतं, आधीच अरुंद झालेली वाहिनी अशा वेळी बंद पडू शकते. म्हणून हृदयाचा त्रास असलेल्यांनी शेतातली कामं सकाळी ११ च्या आत उरकावीत, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) पुरणपोळी-आमरस बेतानेच खावा आणि जेवल्या जेवल्या उन्हात निघू नये.

मिठाचाही असाच गोंधळ होतो. दिवसभर राबणाऱ्याला मीठ घातलेलं ताक हवंच. घरात पंख्याखाली बसलेल्या बीपीच्या माणसाला ते नको. त्याला साधं पातळ ताक, कलिंगड, काकडी पुरे. दिवसाला ५ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चमचा मीठ ही मर्यादा आहे. लिटरभर ओआरएसमध्ये २.६ ग्रॅम मीठ असतं. दोन लिटर प्यायलं की दिवसाचा कोटा तिथेच संपला. वर नवे पापड, लोणचं, शेवभाजी आहेच.

लघवी वाढवणारी गोळी चालू असेल किंवा हृदय कमजोर असल्याने पाणी मोजून प्यायला सांगितलं असेल, तर उन्हाळा तापायच्या आत डॉक्टरांना दोनच गोष्टी विचारून घ्या: गोळीचा डोस बदलायचा का, आणि रोज किती पाणी प्यायचं. गोळी मनाने बंद करू नका.