फंक्शन एकच, कोरूटीन अनेक: हवी तीच थांबवण्याची पार्श्वभूमी

एका व्यवस्थापक स्क्रिप्टमधून दहा शत्रूंची गस्त चालू आहे. गस्तीचं फंक्शन एकच, पण ते दहा वेळा सुरू केलेलं, आणि प्रत्येक शत्रू आपापल्या वळणावर. त्यातला एक मेला की त्याचीच कोरूटीन, म्हणजे मधेच थांबून नंतर तिथूनच पुढे चालू शकणारं फंक्शनचं एक चालू रूप, थांबायला हवी, बाकीच्या नऊ चालू राहायला हव्यात. मागणी साधी आहे, तरी गेम-स्क्रिप्टिंगमध्ये ती धड पुरी व्हायला बराच काळ लागला. इंजिनं कोरूटीनला बहुतेकदा तिच्या फंक्शनच्या नावाने ओळखत आली, आणि नाव तर दहाही जणींचं एकच.

मुळात हा पेच नव्हता. मेल्विन कॉनवे यांनी कोरूटीनची कल्पना १९६३ मध्ये कंपायलरच्या रचनेवरच्या लेखात मांडली. त्या कंपायलरचे भाग आळीपाळीने एकमेकांकडे काम सोपवत, पण प्रत्येक भाग एकदाच अस्तित्वात असे, त्यामुळे 'यातली कुठली?' असं विचारायची वेळच येत नसे. मग ओस्लोमध्ये ओले-योहान दाल आणि क्रिस्टेन निगॉर्ड यांनी सिम्युला ६७ ही प्रोग्रॅमिंग भाषा घडवली. तिथे एका क्लासपासून कितीही ऑब्जेक्ट तयार होत, आणि आपण कुठे थांबलो हे प्रत्येक ऑब्जेक्ट स्वतःजवळ ठेवी. 'डिटॅच' म्हटलं की तो थांबे. त्याचा संदर्भ हातात असेल तर 'रिझ्यूम' म्हणून नेमका तोच पुढे नेता येई. दहा शत्रूंच्या प्रश्नाचं उत्तर तिथे पूर्णपणे होतं. गेमच्या जगाने मात्र दुसरी वाट धरली.

लुकासफिल्म गेम्समध्ये 'मॅनियाक मॅन्शन'साठी (१९८७) रॉन गिल्बर्ट आणि अ‍ॅरिक विल्मंडर यांनी स्कम ही यंत्रणा उभी केली. तिच्यात अनेक स्क्रिप्ट एकाच वेळी चालत, आणि प्रत्येक स्क्रिप्ट थोडं काम करून पुढच्या फ्रेमपर्यंत थांबे. स्क्रिप्टची ओळख म्हणजे तिचा क्रमांक. स्कमच्या पुढच्या आवृत्त्यांत चालू असलेली स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली तर आधीची बंद होई. दोन्ही हव्या असतील तर वेगळा फ्लॅग द्यावा लागे. थांबवायला सांगितलं की त्या क्रमांकाच्या सगळ्याच थांबत. साहसी गेममध्ये एक घड्याळ, एक दार, एक पात्र असा मामला असतो, तिथे हे पुरेसं होतं, आणि मला तरी तो निर्णय त्या काळासाठी शहाणपणाचाच वाटतो.

१९९८ मध्ये अनरियल इंजिनच्या अनरियलस्क्रिप्ट या भाषेने प्रश्न वेगळ्या रीतीने टाळला. 'स्लीप'सारखी थांबून राहणारी फंक्शनं फक्त स्टेटच्या (अवस्थेच्या) कोडमधून बोलावता येत, आणि प्रत्येक अ‍ॅक्टरचा, म्हणजे गेममधल्या पात्राचा किंवा वस्तूचा, असा प्रवाह एकच असे. त्याच वर्षीच्या 'ग्रिम फँडँगो' या गेममध्ये लुआ ही स्क्रिप्टिंग भाषा वापरली होती. अधिकृत लुआत तेव्हा कोरूटीन नव्हत्या, म्हणून आळीपाळीने चालणारे टास्क स्टुडिओने स्वतः जोडले. तिथे फंक्शन देऊन त्याचे सगळे टास्क थांबवता येत किंवा टास्क देऊन तो एकटाच. दोन्ही सोयी शेजारी शेजारी.

लुआ ५.० (२००३) मध्ये कोरूटीन भाषेतच आल्या. 'कोरूटीन.क्रिएट'ला तेच फंक्शन दहा वेळा द्या, दहा स्वतंत्र थ्रेड (लुआत कोरूटीनचं हेच नाव) मिळतात. कोणता पुढे न्यायचा हे रिझ्यूम करणारा ठरवतो. नको असलेला यादीतून काढला की झालं.

सी शार्प या भाषेतही पाया तसाच आहे. २००५ च्या २.० आवृत्तीत 'यील्ड रिटर्न' आलं. असं फंक्शन लिहिलं की कंपायलर त्याचा एक क्लास बनवतो, लोकल व्हेरिएबल त्याची फील्ड होतात, आणि प्रत्येक कॉलला नवा ऑब्जेक्ट मिळतो. युनिटी या गेम-इंजिनच्या कोरूटीन याच सोयीवर उभ्या राहिल्या. तरी अनेक वर्षं 'स्टॉपकोरूटीन'ला फक्त स्ट्रिंगमधलं नाव चाले, आणि तेही कोरूटीन नावानेच सुरू केलेली असली तर. नावाने सुरू करायची तर पॅरामीटर एकच देता येई. जुन्या दस्तऐवजात त्या नावाच्या 'सगळ्या' कोरूटीन थांबतात असं लिहिलं होतं, नंतरच्या दस्तऐवजात 'पहिली' असं आलं. दहा सारख्या गस्तींमध्ये यातलं काहीच उपयोगी नाही.

पुढे 'स्टार्टकोरूटीन'ने परत दिलेला ऑब्जेक्टच 'स्टॉपकोरूटीन'ला देता येऊ लागला आणि वाट मोकळी झाली. शत्रू ही की आणि कोरूटीन ही व्हॅल्यू असलेली डिक्शनरी ठेवा. जो मेला त्याची नोंद काढून तेवढीच थांबवा. इथे एक सापळा अजून अनेकांना अडकवतो: 'स्टॉपकोरूटीन(गस्त())'. वाचायला बरोबर वाटतं, पण कंसातला कॉल नवाच ऑब्जेक्ट तयार करतो. इंजिन त्या नव्याला शोधतं, तो कधी सुरूच झालेला नसतो, आणि जुनी गस्त चालूच राहते. एररही येत नाही.

थांबलेल्या कोरूटीनने उघडी ठेवलेली फाइल किंवा धरलेलं लॉक कोण सोडणार, हा प्रश्न हँडल, म्हणजे नेमकी तीच कोरूटीन दाखवणारा ऑब्जेक्ट, मिळाल्यावरही उरला होता. लुआ ५.४ ने २०२० मध्ये 'कोरूटीन.क्लोज' आणलं. थांबलेली कोरूटीन बाहेरून बंद केली की तिच्यात बंद व्हायची राहिलेली, तशी खूण केलेली व्हेरिएबलही बंद होतात.